पाया आधीं कीं कळस?
(सरकारच्या शिक्षणनीतीविषयीं एक धडा)



'अनुदानित शाळा' हे शब्द आपण वारंवार ऐकतों. त्यांचा अर्थ थोडक्यांत असा कीं, शाळा चालविणारी संस्था एक, आणि तिच्या शिक्षकांचा पगार देणारें सरकार दुसरें. संस्थेनें जागा, व्यवस्था व शिस्त पाहावी. सरकारनें द्रव्य द्यावें आणि तें योग्य रीतीनें खर्च होतें कीं नाहीं हें तपासावें. ही भागीदारी आपल्या देशांत पावणेदोनशें वर्षांची झाली आहे. तिच्या मुळाशीं एक साधा, परंतु कठीण प्रश्न आहे. सरकारजवळचा पैसा नेहमींच मोजका असतो. तेव्हां त्यांतील पहिला रुपया कोणावर खर्च करावा? गांवच्या पहिल्या इयत्तेवर, कीं शहरांतील कॉलेजावर? पायावर, कीं कळसावर? या प्रश्नाला वेळोवेळीं कोणीं काय उत्तर दिलें, आणि त्या उत्तराची किंमत कोणाला भरावी लागली, हें आपण क्रमानें पाहूं.

इंग्रज सरकारनें हिंदुस्थानांतील विद्येकडे प्रथम कायद्यानें लक्ष दिलें तें १८१३ सालीं. त्या वर्षीं कंपनीला नवी सनद देतांना पार्लमेंटनें तींत असें कलम घातलें कीं, दरसाल निदान एक लाख रुपये विद्येप्रीत्यर्थ वेगळे काढावे. एवढ्या अफाट देशाला एक लाख रुपये म्हणजे समुद्रांत ओंजळभर पाणी! ती ओंजळ कोणाच्या मुखीं घालावी, याचा वाद पुढें वीस वर्षें चालला. १८३५ सालीं मेकॉले साहेबांनीं आपलें प्रसिद्ध टिपण लिहिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, सर्व जनतेला शिकविण्याइतकें साधन सरकारपाशीं नाहीं. म्हणून थोड्या लोकांना इंग्रजीच्या द्वारें उत्तम शिक्षण द्यावें, आणि त्यांच्या हातून तें इतरांपर्यंत पोंचावें. या मताला पुढें 'झिरपणीचा सिद्धांत' असें नांव मिळालें. पाणी वर ओतलें म्हणजे तें हळूहळू खालीं उतरतें, हा त्याचा आधार. परंतु जमिनीच्या पोटांत कातळ असला तर पाणी वरच तुंबून राहतें, हें कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक आहे. आपल्या समाजांत जातिभेदाचा आणि दारिद्र्याचा कातळ होता. त्याचा हिशेब या सिद्धांतांत धरलेला नव्हता.

मुंबई इलाख्यांत याच वादानें दुसरें रूप घेतलें. १८४० सालीं येथें शिक्षणाचें बोर्ड स्थापन झालें. त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी शिक्षणाकडे होता. उलट, नामदार जगन्नाथ शंकरशेट यांचा आग्रह असा कीं, लोकांना लोकांच्या भाषेंतच ज्ञान मिळालें पाहिजे. तसें न झाल्यास तें मूठभरांच्या पलीकडे जाणार नाहीं. कर्नल जर्व्हिस यांनींही त्यांचीच बाजू उचलून धरली. याच काळांत मिशनरी संस्था सरकारी मदतीची वाट न पाहतां आपल्या शाळा चालवीत होत्या. अमेरिकन मराठी मिशननें १८१५ मध्यें मुंबईंत शाळा काढली आणि १८२४ मध्यें मुलींसाठींही शिक्षणाचें दार उघडलें. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं सुरू केलेल्या शाळेपासूनच पुढें विल्सन कॉलेज उदयास आलें. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेल्या एका फुलमाळ्याच्या मुलाचें नांव जोतीराव गोविंदराव फुले. त्यांनीं व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा सुरू केली. जेथें सरकारी धोरण पोंचलें नव्हतें, तेथें असे खाजगी प्रयत्न आधीं पोंचले होते.

१९ जुलै १८५४ या तारखेचा एक खलिता विलायतेहून आला. तो सर चार्ल्स वुड यांच्या नांवानें ओळखला जातो. आजच्या आपल्या शिक्षणव्यवस्थेचा सांगाडा पुष्कळ अंशीं याच खलित्यांतून आला आहे. प्रत्येक इलाख्यांत स्वतंत्र शिक्षणखातें असावें. कलकत्ता, मद्रास व मुंबई येथें विश्वविद्यालयें स्थापावीं. खालच्या शाळांत देशी भाषा व वरच्या शिक्षणांत इंग्रजी असावी. शिक्षक तयार करण्याच्या शाळा काढाव्या. स्त्रीशिक्षणास उत्तेजन द्यावें. आणि खाजगी शाळांना अनुदान मिळावें, अशीं त्याचीं मुख्य सूत्रें होतीं. अनुदानाच्या अटी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. शाळेंत ऐहिक विषयांचें शिक्षण चांगलें असावें, व्यवस्था पाहणारी स्थानिक मंडळी विश्वासू असावी, सरकारी तपासणी मान्य असावी, आणि मुलांकडून थोडी तरी फी घेतली जावी. शाळेंत कोणत्या धर्माचें शिक्षण दिलें जातें, याकडे तपासनिसानें लक्ष देऊं नये, असेंही त्यांत स्पष्ट केलें होतें. शिवाय, लोकसमूहाच्या शिक्षणाची आजवर हेळसांड झाली, हें या खलित्यानें मान्य केलें होतें. परंतु मान्य करणें निराळें आणि खर्च करणें निराळें!

मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें. १८५९ सालच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेस १३२ विद्यार्थी बसले व २२ उत्तीर्ण झाले. १८६२ सालीं महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे या विश्वविद्यालयाचे पहिले पदवीधर झाले. या मंडळींनीं महाराष्ट्राची जी सेवा केली, ती पाहतां कळसावर खर्च केलेला पैसा वायां गेला असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु त्याच सुमारास खेड्यांत काय चाललें होतें? १८६० नंतरच्या त्या वर्षांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून घेण्यास आरंभ झाला, आणि त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे रुपयामागें चार पै, शाळांकडे लावण्यांत आला. पैसा दिला सर्व शेतकऱ्यांनीं. शाळा मात्र थोड्या गांवांना मिळाल्या, आणि जेथें मिळाल्या तेथेंही नांगर धरणाऱ्याचा मुलगा क्वचितच दिसे.

हीच गोष्ट जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निर्भीडपणें मांडली. त्यांच्या निवेदनाचा सारांश असा कीं, सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामांतून येतो, परंतु त्यांतील शिक्षणावरचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें करावें; शिक्षक शिकून तयार झालेले, आणि शक्य तों शेतकरी वर्गांतून आलेले असावे; त्यांना पोटापुरता पगार असावा; शिक्षणांत शेतीच्या उपयोगी ज्ञानाचा समावेश व्हावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पंडिता रमाबाई यांनींही याच कमिशनपुढें स्त्रियांच्या शिक्षणाची निकड सांगितली. येथें एक गोष्ट विसरूं नये. सरकारनें वरच्या शाळा-कॉलेजांतून अंग काढून घ्यावें, असें जोतीरावांचें म्हणणें नव्हतें. कळस पाडा असें ते म्हणत नव्हते. पाया घाला, एवढेंच ते सांगत होते.

कमिशननें जो मार्ग सुचविला, त्यांत प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या व म्युनिसिपालिट्यांच्या हवालीं झाल्या, आणि वरचें शिक्षण अनुदानाच्या बळावर खाजगी संस्थांनीं वाढवावें असें ठरलें. या दुसऱ्या भागाला महाराष्ट्रांत चांगलें फळ आलें. पुण्यांत १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज उभें राहिलें. पहिल्या भागाचें मात्र तसें झालें नाहीं. कारण काम बोर्डांकडे आलें, पण त्या मानानें पैसा आला नाहीं. अनुदानाच्या पद्धतींतही एक दोष होता. मुंबई इलाख्यांत किती मुलें किती विषयांत पास झालीं, हें तपासनिसानें मोजून त्याप्रमाणें ग्रँट देण्याची रीत होती. त्यामुळें शिक्षक शिकविण्यापेक्षां घोकून घेण्याकडे वळले. दुर्बळ मुलावर मेहनत करणें शाळेला परवडेनासें झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती रीत सोडून द्यावी लागली. पैसा कोणत्या अटीवर दिला जातो, त्यावर शाळेचा स्वभाव ठरतो, हा यांतील धडा आहे.

पुढें नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदे मंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. मागणी किती माफक होती पाहा! सहा ते दहा वर्षांचे मुलगे, तेही स्थानिक संस्था तयार असेल तेथेंच, आणि खर्चाचे दोन हिस्से सरकारनें व एक हिस्सा स्थानिक संस्थेनें सोसावा. तरीही १९१२ सालीं हें बिल १३ विरुद्ध ३८ मतांनीं नामंजूर झालें. पैसा नाहीं, लोकांची तयारी नाहीं, अशीं कारणें देण्यांत आलीं. परंतु सयाजीराव गायकवाड महाराजांनीं बडोद्यास १८९३ सालीं अमरेली भागांत व १९०६ सालीं सर्व राज्यांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें होतें. आणि १९१७ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत तें मोफत व सक्तीचें केलें. जें साम्राज्याला जड वाटलें, तें लहान संस्थानांना झेपलें. यावरून, अडचण केवळ पैशाची नव्हती, इच्छेचीही होती, असें म्हणणें भाग आहे. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं मुंबई इलाख्याच्या शहरांपुरता पहिला कायदा झाला; परंतु देशभर सक्ती होण्यास पुष्कळ काळ लोटावयाचा होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारनें करावा, असें पंचेचाळिसाव्या कलमांत सांगितलें. त्या वेळीं स्थिति काय होती? १९५१ च्या खानेसुमारींत शेंकडा सुमारें १८ माणसेंच साक्षर होतीं. दहा वर्षांची मुदत आली आणि गेली. कोठारी कमिशननें १९६६ सालीं राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा ६ भाग शिक्षणावर खर्च व्हावा असें सुचविलें. शेवटीं २००२ सालीं घटनेंत दुरुस्ती होऊन शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा मूलभूत हक्क ठरला, आणि त्यासाठीं २००९ सालीं झालेला कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या बिलापासून या कायद्यापर्यंत जवळजवळ शंभर वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत किती पिढ्या अंगठा उठवून जगल्या, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकांत सांपडणार नाहीं.

इकडे कळसाचें कामही थांबलें नाहीं. १९५६ च्या कायद्यानें विश्वविद्यालय अनुदान मंडळास अधिकार मिळाले. १९८३ सालीं महाराष्ट्र सरकारनें विनाअनुदान तत्त्वावर इंजिनियरिंग कॉलेजें काढण्यास परवानगी दिली. त्यामुळें जागा वाढल्या, परंतु फीचा भार पालकांच्या खांद्यावर आला. २०१२ सालीं स्वखर्चानें चालणाऱ्या शाळांचाही कायदा झाला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें २०३५ पर्यंत उच्च शिक्षणांतील प्रवेशाचें प्रमाण शेंकडा ५० पर्यंत नेण्याचें ठरविलें आहे. पण त्याच धोरणांत असेंही म्हटलें आहे कीं, प्राथमिक शाळेंतील मुलांना मुळांतलें वाचन, लेखन व गणित आलें नाहीं, तर बाकीचें धोरण त्यांच्या उपयोगी पडणार नाहीं. कोठारी कमिशनचा शेंकडा ६ चा आंकडाही त्यांत पुन्हा लिहावा लागला आहे.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य काय? पाया व कळस हे एकमेकांचे वैरी नव्हेत. गांवच्या शाळेंतील चांगला शिक्षक कॉलेजांतूनच तयार होऊन येतो, आणि कॉलेजांतील विद्यार्थी गांवच्या शाळेंतूनच वर जातो. परंतु पैसा अपुरा असतां क्रम ठरवावाच लागतो. आणि तो ठरवितांना ज्याचा आवाज दरबारांत पोंचतो त्याचें काम आधीं होतें, ज्याचा पोंचत नाहीं त्याला 'पुढें पाहूं' असें उत्तर मिळतें. म्हणून कोणत्याही सरकारी धोरणाची परीक्षा एका प्रश्नानें करावी: पैसा भरणाऱ्या सर्वांत गरीब माणसाच्या मुलाला यांतून काय मिळालें?

हा प्रश्न आपल्या घरालाही लागू आहे. कायद्याचें संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत आहे. तेथें कायद्याचा हात सुटतो, आणि नेमक्या त्याच वेळीं पुष्कळ घरांत 'मुलाला कामाला लावूं', 'मुलीला घरीं बसवूं', असे विचार सुरू होतात. वडीलधाऱ्यांनो, सरकारचा हात सुटेल तेथें आपला हात घट्ट धरावा, ही आपणांस नम्र विनंति आहे. मुलीच्या बाबतींत तर विशेष. आणि विद्यार्थ्यांनो, आपल्या बाकाची किंमत आपल्या फीएवढीच नाहीं. तींत ज्यानें कधीं शाळा पाहिली नाहीं अशाचेही चार पै आहेत. आपला एखादा सोबती आठवीनंतर शाळा सोडूं लागला, तर त्याच्या घरीं जा, गुरुजनांना सांगा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास त्याला मदत करा. सरकारचें धोरण बदलण्यास वर्षें लागतात. एका मुलाला शाळेंत टिकविणें आपल्या हातीं आहे. तेवढें केलें, तरी पायाचा एक दगड आपण बसविला असें होईल.