पगार हाती येण्याआधीच संपतो तेव्हा



कर्जासारख्या विषयावर धर्मग्रामाच्या पत्रकात लिहावे का, असा प्रश्न आम्हां नवरा-बायकोला पडला होता. रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात आपण एकमेकांना "कसे आहात?" असे विचारतो आणि "बरे आहे" असे उत्तर देतो. त्याच वेळी खिशातला मोबाईल वाजला की छातीत धस्स होते. असे जवळजवळ एक वर्ष आम्ही काढले. म्हणून आजचा पाठ आमच्याच घरातला.

कर्ज कसे वाढले

हॉस्पिटलच्या बिलाला पैसे कमी पडले. मोबाईलवरच्या एका अ‍ॅपने दहा मिनिटांत कर्ज दिले. कर्ज १०,००० रुपयांचे, पण फी आणि व्याज आधीच कापून हातात आले ८,५००. तीस दिवसांनी भरायचे मात्र पूर्ण १०,०००. पगार झाला, कर्ज फेडले आणि घरखर्चाला काही उरले नाही. म्हणून त्याच दिवशी पुन्हा तेवढेच कर्ज घेतले. असे सहा वेळा झाले. खिशातून ९,००० रुपये गेले आणि १०,००० चे देणे जागच्या जागी राहिले.

"रोजचे फक्त पन्नास रुपये" असे ऐकायला किती सोपे वाटते! पण ८,५०० रुपयांवर महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला दोनशे टक्क्यांहून अधिक होतात. हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नाही. पहिल्यासाठी दुसरे आणि दुसऱ्यासाठी तिसरे अ‍ॅप आले. एकूण देणे २८,००० झाले आणि दर महिन्याला ४,२०० रुपये नुसत्या फी-व्याजात जाऊ लागले.

एक दिवस वसुलीवाल्याने थेट आमच्या एका नातलगाला फोन केला. त्या रात्री घरात सगळे बाहेर आले. आमच्यापैकी एकाने अ‍ॅपवरून कर्ज घेतले होते आणि दुसऱ्याने मुलाच्या फीसाठी बांगडी गहाण ठेवली होती. दोघांनीही एकमेकांना सांगितले नव्हते.

पवित्र शास्त्र काय सांगते?

नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय घरी जरूर वाचा. धान्यासाठी आणि राजाचा कर भरण्यासाठी लोकांनी शेते, मळे, घरे गहाण ठेवली होती. मुलाबाळांना गुलामीत देण्याची पाळी आली होती. त्यांनी हे दुःख झाकून ठेवले नाही, मोठ्याने आक्रोश केला. नहेम्याने सर्वांची सभा बोलावली आणि आपल्याच भावांकडून व्याज घेणाऱ्यांना जाब विचारला. शेते परत करण्याचे वचन त्यांना द्यावे लागले. सुटकेची सुरुवात झाली ती बोलण्यापासून. आमच्या घरातही तसेच झाले.

बाहेर पडण्याच्या पायऱ्या

१. घरात सांगा. लाज वाटते, पण गुप्त कर्ज एकट्याने फेडता येत नाही.

२. वहीच्या एका पानावर सर्व देणी लिहा. कोणाचे, किती, हातात किती आले, कधी भरायचे. उसनवारी आणि गहाण सोनेही लिहा.

३. जुने फेडण्यासाठी पुन्हा तसलेच कर्ज घेणे थांबवा.

४. महागडी कर्जे एका स्वस्त कर्जात बदला. आम्ही सभासद असलेल्या पतपेढीकडे गेलो. एक नातलग जामीन राहिला. २८,००० रुपये १५ टक्क्यांनी, अठरा महिन्यांसाठी मिळाले. हप्ता सुमारे १,७५० रुपये. अठरा महिन्यांचे सगळे व्याज साधारण ३,४५० रुपये, म्हणजे आधी एका महिन्यात जात होते त्याहूनही कमी. अ‍ॅपची देणी फेडून पोचपावत्या घेतल्या आणि अ‍ॅप त्याच दिवशी काढून टाकली. ती ठेवली असती तर हे चौथे कर्ज ठरले असते. पतपेढीतून कर्ज मिळत नसेल तर बँकेचे सोनेतारण कर्ज किंवा कामाच्या ठिकाणी आगाऊ पगार मिळतो का, ते पाहा.

५. वाचलेल्या पैशांतून दरमहा थोडी रक्कम बाजूला टाका. पुढचे आजारपण आले की तीच उपयोगी पडते.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देण्यापूर्वी वार्षिक खर्चाचा दर लेखी सांगावा लागतो. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाच्या आत, दंड न भरता, मुद्दल आणि तेवढ्या वेळेचे व्याज देऊन ते परत करता येते. अ‍ॅपला आपल्या फोनमधील नंबरांची यादी घेण्याची परवानगी नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. अधिकृत संस्थांच्या अ‍ॅपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तक्रार आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. फसवणूक किंवा फोटोवरून धमकी असेल तर १९३० वर लगेच कळवा.

गावातल्या सावकारालाही २०१४ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार परवाना लागतो. विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करावी. कोऱ्या चेकवर किंवा कागदावर सही मात्र कधीही देऊ नका.

धमक्यांनी जीव नकोसा वाटू लागला तर एकटे राहू नका. १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मोफत बोलता येते. पैशांचे देणे फेडता येते, गेलेला माणूस परत येत नाही.

आपल्या वसईला हा प्रश्न नवा नाही. १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने येथे जी सहकारी संस्था उभी राहिली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. आपल्या वाडवडिलांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून एकमेकांची अडचण भागवली. शेजाऱ्याचे ऐकून घेणे आणि त्याची गोष्ट बाहेर न फोडणे, एवढे तर आपण आजही करू शकतो.

कुटुंबात विचार करण्यासाठी

१. आपल्या घरात एकमेकांना न सांगितलेले एखादे देणे आहे का?
२. लग्न किंवा पहिल्या कम्युनियनच्या खर्चात आपण कोणाला दाखवण्यासाठी कर्ज काढतो?
३. आपल्या आळीत अडचणीत असलेल्या कुटुंबाला आपल्यापाशी मन मोकळे करावेसे वाटेल का?