समुपदेशनाची फी : ऐपतीप्रमाणे कशी ठरवावी?

सरासरी आपण वर्गात शिकवतो. आज तीच वापरून एक वेगळं उदाहरण सोडवू. समुपदेशकाने फी किती घ्यावी, आणि ती सगळ्यांना सारखीच असावी का?

आधी जळकोटच्या माणसाच्या बाजूने हिशोब मांडा. समजा, सोलापूरच्या समुपदेशकाची एका बैठकीची फी ५०० रुपये आहे. पण खर्च ५०० वर थांबत नाही. एस.टी.चं जाणं-येणं आलं, त्या दिवसाचा रोज बुडाला, सोबत कोणी आलं तर त्याचाही बुडाला. शिवाय समुपदेशन एका फेरीत उरकत नाही, सहा-आठ वेळा जावं लागतं. कायम नोकरी असलेल्याला ही फी एका दिवसाच्या पगारापेक्षाही कमी पडते. मजुराची मात्र दिवसभराची मजुरी त्यात जाते, कधी त्याहून जास्त. मग दोन बैठकी झाल्या की तो जाणं बंद करतो आणि घरचे म्हणतात, "काही फरक पडला नाही." फरक पडायला वेळच मिळालेला नसतो.

म्हणून काही समुपदेशक सरकती फी ठेवतात. काम तेच, वेळ तोच, फी मात्र ऐपतीप्रमाणे. ही सूट हवेतून येत नाही, तिचं गणित असं :

समजा, समुपदेशकाचा महिन्याचा खर्च (खोलीचं भाडं, प्रवास, स्वतःचं घर धरून) ३०,००० रुपये आणि बैठकी ६०. म्हणजे एका बैठकीमागे सरासरी ५०० रुपये मिळालेच पाहिजेत. आता तीन पायऱ्या करा. २० बैठकी ८०० ने (१६,०००), २० बैठकी ५०० ने (१०,०००) आणि २० बैठकी २०० ने (४,०००). बेरीज ३०,०००. जमलं!

आता ८०० देणाऱ्यांपैकी १० बैठकी २०० च्या पायरीवर आल्या तर? प्रत्येकी ६०० कमी, म्हणजे ६,००० ची तूट. असे चार-सहा महिने गेले की खोली बंद होते आणि २०० वाल्यांचीही सोय जाते. म्हणून कमी फीच्या जागा किती, हे आधीच ठरवून सांगणं यात कंजूषपणा नाही.

खरी अडचण पुढे आहे. कोण कोणत्या पायरीवर, हे ठरवायचं कुणी?

एक रीत एस.टी.ची. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. उत्पन्न कुणी विचारत नाही, त्यामुळे मान राहतो. पण बागायतदारीणही अर्ध्या तिकिटात जाते. सरकार ती तूट भरून देतं. एकट्या समुपदेशकाला कोण देणार?

दुसरी रीत धर्मादाय रुग्णालयांची. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार अशी आहे. नियम स्वच्छ आहे. पण १,७९,००० वाला एका बाजूला आणि १,८१,००० वाला दुसऱ्या बाजूला पडतो, आणि तहसीलचा दाखला आणायला हेलपाटे होतात ते वेगळंच. मोठ्या ऑपरेशनसाठी माणूस ते करेल. मन मोकळं करायला जाणारा माणूस करणार नाही. "दाखला कशाला पाहिजे?" या प्रश्नाला गावात काय उत्तर देणार तो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये याचा विचार दिसतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मानसिक आरोग्य केंद्रात मोफत उपचारांचा हक्क आहे, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो. माझ्या मते खासगी समुपदेशकानेही हेच धरावं. तिन्ही दर भिंतीवर लिहावेत, प्रत्येक दर कोणासाठी ते एका ओळीत सांगावं आणि निवड येणाऱ्यावर सोडावी. कागद मागू नये. थोडे लोक फसवतील, हे धरूनच वरचा दर ठरवावा.

अजून एक गोष्ट, जी शहरातल्या तक्त्यांत सहसा नसते. "महिन्याचं उत्पन्न किती?" हा प्रश्न शेतकऱ्याला विचारून काय उपयोग? सोयाबीनची रास झाली की हातात पैसा, नंतर तूर निघेपर्यंत उसनवारी. बलुत्याच्या काळात सुताराला, लोहाराला कामाच्या दिवशी पैसे मिळत नव्हते, सुगीला धान्य मिळायचं. (त्या पद्धतीत अन्याय भरपूर होता, ती परत नकोच.) पण फी वहीत मांडून सुगीला घ्यायला काय हरकत आहे? कितीदा तर फी कमी करायचीही गरज पडणार नाही, फक्त तारीख पुढे ढकलायची.

आणि २०० ही जड जात असतील तर? टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून मोफत, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. जागा भरल्या असतील तर समुपदेशकाने "नंतर या" एवढं म्हणून परत न पाठवता हा क्रमांक लिहून द्यावा.

सरावासाठी : एका समुपदेशकाचा महिन्याचा खर्च २४,००० रुपये, बैठकी ४८. त्यातल्या १२ बैठकी ८०० रुपयांनी आणि १२ बैठकी २०० रुपयांनी. उरलेल्या २४ बैठकींचा दर किती ठेवावा? पुढच्या महिन्यात २०० च्या आणखी ४ बैठकी वाढवायच्या असतील आणि एकूण बैठकी ४८ च ठेवायच्या असतील, तर कोणता दर किती वाढवाल? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी येतील. आपलं उत्तर का निवडलं, तेही मुलांना वहीत लिहायला सांगा.