आधी गडगंज, मग दान?

प्रश्न : माझं किराणा दुकान बरं चालतं. दान करावंसं वाटतं. पण आधी भरपूर साठवावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : साठवण्यात गैर काही नाही; अडचण एवढीच, की 'भरपूर' कधी होत नाही. गाडगेबाबांकडे (१८७६–१९५६) खराटा आणि मडकं, तरी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. अर्थात प्रपंच असलेल्याने ते टोक गाठायला नको. सहा महिन्यांचा घरखर्च आणि आरोग्यविम्याचा हप्ता आधी बाजूला काढावा, मग गल्ल्यातून दरमहा ठरावीक रक्कम. उसनवारी करून दान नको. पावती घ्यावी, २,००० रुपयांवरील रोख देणगीला करवजावट नाही, नव्या करप्रणालीत तर मुळीच नाही. आठवड्यातून एकदा तासभर आधी शटर ओढून शेजारच्या पोरांचं गणित घेणं, हेही दानच.