भाचीला, धरणाच्या पाण्यावर जाण्याआधी

तू कयाक शिकायचं ठरवलंस हे ताईकडून कळलं आणि फार बरं वाटलं. आजी नको म्हणेल. तिच्या पिढीच्या पुणेकरांना धरण म्हटलं की १२ जुलै १९६१ आठवतो. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तिची समजूत मी काढते. तू मात्र हे सगळं नीट वाच, आणि पहिल्या दिवशी पाण्यावर जाण्याआधी पुन्हा एकदा वाच.

सगळ्यात आधी हे पक्कं डोक्यात ठेव की धरणाचं पाणी म्हणजे तळ्याचं पाणी नव्हे. तळं आपल्या जागी असतं. धरण भरतं आणि उपसलं जातं. खडकवासल्यात मावतं जेमतेम १.९७ टीएमसी, वरची पानशेत (१०.६५) आणि वरसगाव (१२.८२) त्याच्या कितीतरी पट मोठी. शहराचं पिण्याचं पाणी आणि शेतीची आवर्तनं यांसाठी वरून खाली पाणी सोडत राहतात. त्यामुळे खडकवासला बरेचदा भरल्यासारखं दिसतं आणि वरची धरणं मे महिन्यापर्यंत पार खाली जातात. तू दिवाळीत ज्या काठावरून कयाक पाण्यात ढकलशील, तो काठ एप्रिलमध्ये पाण्यापासून लांब गेलेला असतो आणि मधे गाळ असतो. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, चालता येईल असं वाटतं, आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत जातो. अशा ठिकाणी उतरूच नको. मुरमाड किंवा खडकाळ उतार शोध, नाहीतर क्लबच्या धक्क्यावरूनच ये-जा कर. गाळात पाय रुतलाच तर उभं राहून ओढाताण करायची नाही; बसायचं, अंगाचा भार कयाकवर टाकायचा आणि एकेक पाय सावकाश सोडवायचा.

पाणी उतरलं की खालचंही वर येतं. झाडांचे बुंधे, जुन्या बांधांचे दगड, पूर्वीच्या गावांच्या भिंती. पवना धरणातलं वाघेश्वराचं मंदिर उन्हाळ्यात बाहेर येतं हे तू पाहिलंच आहेस. पूर्ण बाहेर आलेलं मंदिर लांबून दिसतं. धोका असतो तो पाण्याखाली वीतभर राहिलेल्या दगडाचा. म्हणून अनोळखी काठाजवळ वेग नको, आणि दर हंगामात पहिल्या फेरीला तिथल्या माणसाला विचारून घे.

आता वारा. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या धरणांवर माणसं दमतात, घाबरतात ती बहुतेकदा वाऱ्यामुळे. नकाशा काढून बघ. आपल्या नद्या सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहतात, म्हणून भिंत पूर्वेला असते आणि पाण्याचा लांब फाटा पश्चिमेला घाटाकडे गेलेला असतो. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि तो नेमका या लांबीवरून भिंतीकडे येतो. वाऱ्याला जितकं लांब मोकळं पाणी मिळेल तितक्या लाटा वाढतात. घाटाकडच्या टोकाला पाण्यावर नुसती शिरशिरी असते, त्याच वेळी भिंतीकडच्या बाजूला लाटांचे माथे पांढरे फुटत असतात. काठावर उभं राहून तू समोरच्या दोनशे फुटांवरून अंदाज बांधशील तर चुकशील.

म्हणून नियम असा: निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि परतताना वारा पाठीशी घ्यायचा. सुरुवात जड जाते, पण दमलेल्या हातांना वारा घरी आणतो. उलटं केलंस तर जाताना वाटेल की काय झपाझप चाललोय, आणि वळलीस की कळेल की वल्हं मारूनही काठावरचं झाड तिथल्या तिथेच आहे. निघायची जागाच अशी असेल की जाताना वारा पाठीशी येतो, तर ठरवलेल्या वेळेच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच वळ, उरलेले दोन हिस्से परतीला ठेव. आणि सकाळची वेळ धर. उजाडताना निघायचं, ऊन चढायच्या आत कयाक काठावर. हिवाळ्यात धुकं असेल तर समोरचा काठ दिसेपर्यंत थांब. कितीही चांगली दिसली तरी आडव्या पाण्यातून पलीकडे जायची वाट धरू नको, काठाकाठाने जा. लांब पडतं, पडू दे.

वाऱ्यात कयाक आपोआप तोंड फिरवते, बहुतेक वेळा वारा जिकडून येतो तिकडेच. त्याच्याशी भांडत एकाच हाताने जोर लावत बसलीस तर खांदा भरून येतो. त्या बाजूला वल्हं पायाच्या बोटांपासून लांब अर्धवर्तुळात मागेपर्यंत फिरव. असे दोन-तीन फेरे मारले की नाव रुळावर येते.

एप्रिल-मेमधल्या वळवाचं वेगळं सांगते. दुपारी आभाळ काळवंडून आलं, अंगाला गार झोत लागला, की तेव्हाच काठ गाठ. पावसाची वाट बघायची नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच तूच असतेस. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत पाण्यात जाऊ नको, आणि काठावरही एकट्या झाडाखाली थांबू नको.

पावसाळ्यात कयाक घरी. याला अपवाद नाही. नदी वरून भरून येते, दरवाजे उघडतात, विसर्ग काही तासांत वाढतो. एरवीसुद्धा भिंत, सांडवा आणि पाणी उचलायचा मनोरा यांच्यापासून खूप लांब राहा. पाणी खालच्या अंगाने ओढलं जातं, वरून सपाट आणि शांत दिसतं. तरंगत्या खुणांची दोरी लावलेली असेल तर ती हद्द समज.

वल्हवणं दंडांनी होत नाही. नवखी मुलं हाताने ओढतात आणि थोड्याच वेळात मनगट धरून बसतात. ताक घुसळताना बघितलंयस ना आजीला? एक हात येतो, दुसरा जातो, आणि फिरते ती कंबर. तसंच इथे. पाठ ताठ, किंचित पुढे झुकलेली, गुडघे थोडे वाकलेले, टाचा आधाराला टेकलेल्या. उजवं पातं पायाच्या बोटांशेजारी पूर्ण बुडव, मग उजव्या पायाने रेटा दे आणि कंबर वळव; पातं नितंबाशी आलं की बाहेर. त्याच्या मागे ओढत नेऊ नको, तिथे ते पाणी फक्त वर उचलतं आणि नाव खाली दबते. वरचा हात डोळ्यांच्या उंचीच्या वर जाऊ नये. मुठी सैल. पातं बरोबर शिरलं तर आवाज जवळजवळ होत नाही. ‘थप्प’ असा आवाज आला तर ते आडवं पडलंय. मी आजही डोळे मिटून पाच-सहा हात असे नुसते ऐकते.

वेगाची ओढ लागेल, लागू दे. स्पर्धेची एकट्याची कयाक ५.२० मीटरपर्यंत लांब, वजनाला किमान १२ किलो आणि इतकी अरुंद असते की पहिले काही दिवस नुसतं बसणंच शिकावं लागतं. १९३६च्या बर्लिनपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. आणि लांब कशाला जा, भोपाळमध्ये तलावावर सराव करणारी प्राची यादव २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकचं सुवर्ण घेऊन आली. तिच्या शर्यती बघ. पण आधी रुंद बुडाची, वर बसायची कयाक घे. स्पर्धेची नाव त्यानंतर.

उलटणं शिकणं हा पहिला धडा आहे, शेवटचा नाही. छातीभर पाण्यात, शिकवणारा शेजारी असताना, मुद्दाम उलट. पाण्यात पडलीस की दोन गोष्टी सोडायच्या नाहीत: नाव आणि वल्हं. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेली चांगली पोहणारी माणसंही धरणात दगावली आहेत. पाण्यावरचं अंतर डोळ्यांना नेहमी कमी वाटतं. नाव तरंगत असते, ती धरून राहा. मग ती सुलटी कर, मध्यावर बाजूने ये, दोन्ही हात पलीकडच्या कडेवर, पाय मागे पाण्याच्या वर येईपर्यंत जोरात मार आणि पोट आडवं नावेवर घाल. घाईने गुडघा वर टाकलास तर परत उलटशील. पोट, मग कूस, मग बूड, आणि सगळ्यात शेवटी पाय. दमलेली असताना हे जमतं का, ते फेरीच्या शेवटी करून बघ.

लाइफ जॅकेट मापाचं हवं. घातल्यावर कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांग. ते कानापर्यंत आलं तर पाण्यातही तसंच वर येईल आणि तू खाली राहशील. पट्टे आवळ. शिट्टी जॅकेटला, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून अंगावर. नावेत ठेवलेला फोन नावेबरोबर जातो. पूर्ण बाह्या, दोरीची टोपी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. एवढं पुरे.

मासेमारांची जाळी सांभाळ. पाण्यावर रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेने दिसले की खाली जाळं आहे. वळसा घालून जा. ते पहाटेपासून त्या पाण्यावर आहेत, त्यांची त्या दिवसाची कमाई तिथे लटकलेली असते. त्यांना नमस्कार करत जा. वारा कधी फिरणार हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.

वाटेल तिथे उतरायचं नाही. खडकवासल्याचा एनडीएकडचा काठ लष्करी हद्द आहे. बाकी ठिकाणीही परवानगी असलेल्या क्लबमधूनच जा, आणि निघायची-परतायची वेळ काठावर कुणाला तरी सांगून जा.

खडकवासल्याचं पाणी पुण्यात पर्वतीच्या जलकेंद्रात जातं आणि तिथून नळाला. तू ज्या पाण्यावर खेळतेस ते तुझ्या स्वयंपाकघरात येतं. साबण, शाम्पू, खाण्याची वेष्टनं, काही काही त्यात जाता कामा नये. दुसऱ्या कुणाचं तरंगत असलेलं प्लास्टिक दिसलं तर उचलून पायाशी ठेव. आणि कयाक बाहेर काढल्यावर तशीच गाडीवर चढवू नको. नदीवरची जलपर्णी एका तुकड्यावरून वाढते. बुडाच्या खाचा, आसनाचे पट्टे, पाणी निचरायची भोकं बोट फिरवून तपास, अडकलेलं हिरवं सगळं काठावर वर, कोरड्या जागी टाक, कयाक पुसून काढ आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालू नको.