पान लागले तर आधी दवाखाना
(ऊस उत्पादक सभासद व तोडणी मजूर बंधू-भगिनींसाठी आरोग्याचा धडा)



लागण, खत, पाण्याच्या पाळ्या यांविषयी आपण या पानांतून नेहमी वाचतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तोही फडातलाच. जिथे ऊस तिथे उंदीर, आणि उंदराच्या मागे साप. पाचटाखाली हात घालणारा, रात्री दारे धरणारा, कोपीत भुईवर पथारी टाकणारा माणूस आपलाच असतो. आपल्या बीड जिल्ह्यातून दरसाल हजारो कोयते दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. त्यांच्यासाठी तर हा धडा फार गरजेचा आहे.

अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. औषध नाही म्हणून सगळी गेली असे नाही. औषध आहे, पण त्याच्याकडे पोचायच्या आधी पाला, मुळी, मंत्र आणि उतारा यांत वेळ गेला, अशीही त्यांत पुष्कळ आहेत.

पाल्याचा गुण की नशिबाचा?

"अहो, आमच्या गावातल्या मुळीने दहा जण उठून बसले!" असे कोणीही सांगेल, आणि तो खोटे बोलत नसतो. पण हिशेब नीट मांडू या. आपल्याकडच्या बहुतेक सापांना विषच नसते. धामण, दिवड, तस्कर चावले तर माणूस भीतीने अर्धा होतो, पण मरत नाही. विषारी साप चावला तरी काही वेळा तो विष सोडत नाही. असा माणूस मुळी दिली तरी वाचतो आणि न दिली तरी वाचतो. श्रेय मात्र मुळीला जाते. जो मेला त्याच्याबद्दल "आणायला उशीर झाला" किंवा "त्याची वेळच भरली होती" असे म्हणतात. जमेच्या बाजूला सगळे आणि नावे बाजूला काहीच नाही, अशी खतावणी आपण कारखान्यात चालू देऊ का?

कडुलिंबाचा पाला चघळायला देऊन "कडू लागतो, म्हणजे विष चढले नाही" असे ठरवतात. ही परीक्षा अगदी फसवी आहे. विष अंगात भिनत असतानाही पाला कडूच लागतो. तेवढ्यावर निर्धास्त होऊन माणसाला घरी झोपवले की घात होतो.

चार साप, दोन तऱ्हा

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप.

नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते. पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, घोट गिळवत नाही, शेवटी श्वास थांबतो. मण्यार तर फार लबाड. ती रात्री हिंडते आणि झोपलेल्या माणसाला चावते. दंशाला ना फार दुखणे, ना सूज. कोपीत पहाटे एखादी बाई पोट दुखते म्हणून उठली तर घरचे ओवा देतात आणि पोट चोळतात. उजाडेपर्यंत तिचे डोळे मिटायला लागतात. भुईवर झोपलेल्या माणसाला रात्री अचानक पोटदुखी, उलटी आणि डोळ्यांवर झापड आली, तर सापाची शंका आधी घ्यावी.

घोणस आणि फुरशाचे विष रक्तावर जाते. पाय सुजतो, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होतात. पाला बांधून दोन दिवस काढले आणि मग दवाखाना गाठला, तर लस रक्तातले विष मारील, पण बिघडलेले मूत्रपिंड तिने परत येत नाही.

लस कशी होते?

घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते, ते शुद्ध करून लस बनते. आपल्याकडची लस वरील चारही सापांवर चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामात जुने आहे. लसीसाठी विष पुरवण्याचे मोठे काम तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या सर्पमित्रांची संस्था करते. ती १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. ज्यांच्या बापजाद्यांना साप आणि जडीबुटी दोन्ही ठाऊक, त्यांनीच सहकारातून लसीला हातभार लावला, ही गोष्ट आपण सहकारातल्या माणसांनी ध्यानात ठेवावी.

मग वनस्पती खोट्या का?

मुळीच नाही. सर्पगंधेचेच पाहा. नावात साप आहे, आणि पूर्वी दंशावर ती देतही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रोग्यांना देऊन, मोजमाप ठेवून १९४९ साली निष्कर्ष छापले. तेव्हा तिचा गुण जगाला पटला, पण रक्तदाबावर. सर्पदंशावर तिचा भरवसा धरता येत नाही. वनस्पतीत गुण असतो, मात्र कोणता आणि कशावर, हे तपासूनच कळते.

विंचवाचेही तसेच. आघाड्याचा लेप लावून ठणका कमी वाटेल, पण लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही त्याची खूण. आपल्या मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडकडच्या खेड्यांत रोग्यांच्या उशाशी बसून हे अभ्यासले. प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यू फार कमी होतात हे त्यांनी दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

काय करावे

१. धीर द्यावा. रोग्याला चालवू नये, पळवू नये.
२. चावलेला हात वा पाय, हाड मोडल्यावर बांधतो तसा, फळी किंवा उसाचे कांडे लावून सैलसर बांधावा.
३. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढावेत. सूज आली की ते रुततात.
४. १०८ ला फोन करावा, किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठावा. अंबाजोगाईला १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे.
५. दंशाची वेळ आणि दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगावीत.

काय करू नये

दोरीने आवळू नये. ब्लेडने कापू नये, तोंडाने चोखू नये. तूप, पाला, दारू काही पाजू नये. कोंबडी लावू नये. साप मारायला मागे लागू नये, उपचार लक्षणांवरून होतो. आधीच कोणी दोरी आवळली असेल तर वाटेत एकदम सोडू नये, ते काम डॉक्टरांवर सोपवावे.

श्वास थांबला म्हणून माणूस मेला असे समजून परत फिरू नये. मण्यारीचा रोगी मेल्यासारखा दिसतो, तरी कृत्रिम श्वासावर ठेवून वाचू शकतो.

आणखी एक. चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देवावर श्रद्धा असेल तर नारळ जरूर फोडा, पण रोगी घरी आल्यावर.

मुकादम आणि टोळीसाठी

फडावर उतरल्याच्या पहिल्याच दिवशी जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस मिळते ते विचारून ठेवावे. चिटबॉयचा आणि दवाखान्याचा नंबर प्रत्येकाजवळ असावा. कोपीत मच्छरदाणी कडेने अंथरुणाखाली खोचून झोपावे, उशाला बॅटरी ठेवावी. पाचट आधी काठीने हलवावे, मग हात घालावा.

धडा समजला का?

१. मुळीने 'वाचलेला' माणूस मुळीविनाही का वाचला असता?
२. मण्यारीच्या दंशाची पहिली लक्षणे कोणती?
३. आपल्या वस्तीपासून लसीचा दवाखाना किती मैलांवर आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला आज येत नाही, त्याने ते उद्याच शोधावे. आणि ज्यांना वाचता येत नाही अशा टोळीतल्या माणसांना हा धडा कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.