गोव्यात भाड्याची गाडी : जादा विमा घ्यावा का?

प्रश्न : गोव्यात स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेतोय. जादा विमासंरक्षण घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण आधी नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा तिऱ्हाइताचं नुकसान भरतो, गाडीचं नाही. ‘मी सावकाश चालवतो’ म्हणाल. पण अरुंद रस्त्यावर समोरचाही तसाच असेल, याची खात्री कोण देणार? मात्र जादा संरक्षणातून टायर, काचा बहुधा वगळलेल्या असतात. संरक्षणासह आणि त्याशिवाय तुमच्यावर कमाल किती रक्कम येईल, हे लेखी घ्या. फरक किरकोळ असेल, तर मात्र पैसे भरू नका.