दर्यापूरच्या विहिरीचं पाणी

चि. सोनूस,


प्रकल्पासाठी तू दर्यापूरच्या विहिरीचं पाणी तपासणार आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. विषय नामी आहे. पण बारावीचं सॉल्ट अ‍ॅनालिसिस इथे फारसं कामी येणार नाही. तिथे पुडीत एकच क्षार, एक धन आयन नि एक ऋण आयन. ओळखले की गुण पदरात. दर्यापूरच्या, म्हणजे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट अशी सगळीच मंडळी एकत्र नांदतात. त्यांच्या जोड्या लावत बसू नकोस. आयन सुटे ओळख, सुटेच लिही. टीडीएस मीटरच्या तर नादालाच लागू नकोस. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण क्षारांचा अंदाज सांगतो. क्षार कोणते, हे त्याच्या गावीही नसतं.

क्लोराइडपाशी मात्र घाई नको. आधी विरल नायट्रिक आम्ल घाल, बुडबुडे थांबू देत, मगच सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोड. आम्ल विसरलीस तर कार्बोनेटही फिकट अवक्षेप देतं नि फसवतं. खरं सिल्व्हर क्लोराइड दह्यासारखं गुठळ्या धरतं, अमोनियात विरघळतं, उजेडात ठेवलं तर जांभळट करडं पडतं. आम्ल म्हणून हायड्रोक्लोरिक घेतलंस तर क्लोराइड तूच घातलंस! सल्फेटला मात्र तेच घ्यायचं, मग बेरियम क्लोराइड. शेजारी ऊर्ध्वपातित पाण्याची नळी ठेव आणि तिचीही हीच परीक्षा घे. नळाच्या पाण्याने विसळलेली काचसुद्धा क्लोराइड दाखवते.

ज्योतीच्या परीक्षेत सोडियमचा पिवळा रंग पोटॅशियमचा जांभळा झाकून टाकतो. निळ्या कोबाल्ट काचेतून बघ. बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लिथियम आधी बाजूला काढले, तेव्हा कुठे वर्णपटात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. ते सीझियम. त्याचे काही ग्रॅम क्षार मिळवायला त्यांना चाळीसेक टन पाणी आटवावं लागलं.

नमुन्याची बाटली विहिरीच्याच पाण्याने दोनदा खळबळून काठोकाठ भर. पीएच विहिरीवरच मोज. वाटेत कार्बन डायऑक्साइड उडून गेला की आकडा बदलतो. क्लोराइडचं प्रमाणही काढ. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १०००. आजीलाही विचार, तुरीची डाळ त्या पाण्यात शिजते का. डाळीवरून पाण्याच्या जडपणाचा आजीचा अंदाज सहसा चुकत नाही.

आणि हो, सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं तर काळे डाग बरेच दिवस जात नाहीत. आईला आधीच सांगून ठेव.

तुझा,
मामा